गळकी नळी आणि खोटा दाखला

गळती म्हटली की घागरीतून ठिबकणारे पाणी आपल्या डोळ्यांपुढे येते. आतले बाहेर जाणे म्हणजे गळती, अशी आपली साधी समजूत. परंतु वाहनांचा धूर तपासणाऱ्या वायू-विश्लेषक यंत्रात नेमके उलटे घडते. तेथे बाहेरचे आत शिरते.

सात रस्त्यावरून जाणाऱ्या बहुतेक वाहनांजवळ ‘पीयूसी’चा दाखला असावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. त्यासाठी पेट्रोल वाहनाच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतात. यंत्रातील पंप धूर ओढून घेतो. त्यातून अवरक्त किरण सोडले की कार्बन मोनॉक्साइड ते शोषतो आणि किरण किती क्षीण झाले यावरून त्या विषारी वायूचे प्रमाण कळते.

आता नळीला चीर पडली, गाळणीचे रबरी वॉशर झिजले किंवा जोड सैल झाला, तर पंप धुराबरोबर हवाही ओढतो. ३१ मार्च २००० नंतरच्या, पण भारत स्टेज ४ पूर्वीच्या दुचाकींना ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. समजा, धुरात तो ४.५ टक्के आहे आणि नमुन्यात चौथा हिस्सा हवा मिसळली. यंत्र सुमारे ३.४ टक्के दाखवील आणि नापास व्हावयाची गाडी पास होईल!

हा दोष ओळखावा कसा? हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणून त्याचा आकडा अकारण चढला की शंका घ्यावी. मात्र सायलेन्सरला भोक असले तरी तसेच होते. म्हणून आधी यंत्र तपासावे. नळीचे टोक घट्ट बंद करून पंप चालू करावा. आत निर्वात दाब तयार होऊन टिकला पाहिजे. टिकला नाही, तर टोकाकडून यंत्राकडे एकेक जोड सोडवून तेथे बूच लावीत जावे. ज्या भागाला वगळताच दाब टिकतो, तोच भाग दोषी. सायकलच्या ट्यूबप्रमाणे साबणाचे पाणी लावून मात्र येथे बुडबुडे येणार नाहीत, कारण नळी फुंकत नाही, ओढते.

या गळतीची तक्रार सहसा कोणी करीत नाही, कारण चूक वाहनमालकाच्या सोयीची असते. तिची किंमत चौकात उभा असलेला पोलीस आणि पायी जाणारा विद्यार्थी आपल्या श्वासाने मोजतो. म्हणून आकडा वाचण्यापूर्वी नळी तपासणे महत्त्वाचे.