दुर्गा खोटे : पडद्यावरून रंगमंचाकडे

▪ जन्म-मृत्यू : 14 जानेवारी 1905 – 22 सप्टेंबर 1991. माहेरच्या लाड. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात.

▪ उलटा प्रवास : बोलपट आल्यावर नाटक मंडळ्या एकेक करून बंद पडल्या आणि नट सिनेमाकडे वळले. दुर्गाबाईंचे नाव मात्र आधी सिनेमात झाले. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मधील (1932) तारामतीच्या भूमिकेने त्या घराघरांत पोचल्या. रंगभूमीवर त्या रमल्या त्यानंतर.

▪ संस्था : मुंबई मराठी साहित्य संघाच्या अनेक नाटकांतून भूमिका. ‘इप्टा’ या नाट्यसंस्थेशीही निकटचा संबंध.

▪ आनंदीबाई : कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील गाजलेली भूमिका. समोर राघोबादादा म्हणून नानासाहेब फाटक. ज्या रंगभूमीवर स्त्रीपात्रे पुरुषच रंगवत, तिथे हे नाटक आता स्त्री-पुरुष कलावंतांच्या जोडीने रंगले.

▪ राजमुकुट (1954) : वि. वा. शिरवाडकरांनी केलेले ‘मॅकबेथ’चे रूपांतर. दुर्गाबाई लेडी मॅकबेथच्या भूमिकेत, मॅकबेथ नानासाहेब. सिनेमातल्या सोशिक तारामतीच्या अगदी विरुद्ध टोकाची ही स्त्री.

▪ मानसन्मान : संगीत नाटक अकादमी पुरस्कार (1958), पद्मश्री (1968), दादासाहेब फाळके पुरस्कार (1983).

▪ पडद्यामागे : स्वतःची निर्मिती संस्था. ‘वागले की दुनिया’ ही दूरदर्शन मालिका तिचीच.

▪ वाचावे असे : आत्मचरित्र ‘मी – दुर्गा खोटे’.