पाहुणा गेला, चपला दारातच!

काही पाहुणे "बरंय, येतो हं!" म्हणून उठतात आणि पुढे तासभर उंबरठ्यातच गप्पा मारतात. आमच्या संगणकात असाच एक पाहुणा होता. पीडीएफ कागद उघडून दाखवणे एवढेच त्याचे काम. पण गेल्या जूनमध्ये या महाशयांनी आमच्या अक्काचे पेन्शन अडवून धरले!

त्याचे असे झाले. अक्काचे यजमान गेल्यानंतरचे कुटुंब-निवृत्तिवेतनाचे कागद संध्याकाळी पाचपर्यंत ई-मेलने पाठवायचे होते. ऐन वेळी तिच्या नावात चूक सापडली. दुरुस्त कागद जुन्याच नावाने साठवू लागलो, तर संगणक म्हणे, फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. अहो, मी तर सगळे बंद केले होते! कोपऱ्यातली फुली चारदा दाबली. घड्याळात सव्वाचार. अक्का शेजारी पदर मुठीत धरून बसलेली.

शेवटी तिच्या मुलाला बंगळूरला फोन लावला.

"मामा, खिडकी मिटली म्हणजे प्रोग्रॅम मिटला असं नव्हे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा."

दाबले. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. ती चालू कामांची हजेरीच! आमच्या पाहुण्याचे नाव तीत तीनदा. पडद्यावरून गेलेली स्वारी आत स्मृतीत ठाण मांडून बसली होती आणि फाइल तिच्याच मुठीत!

"त्यात न साठवलेलं काही नाही ना? असेल तर जाईल हं. नसेल तर नावावर जाऊन 'एंड टास्क' करा."

तिन्ही नावे गेली. कागद साठला. पाचला वीस मिनिटे असताना रवाना झाला. "दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवला असतात तरी चाललं असतं, मामा!" हे शहाणपण चिरंजीवांना नंतर सुचले.

पण दुसऱ्या दिवशी पाहुणा पुन्हा हजर. मग भाच्याने रीतसर उपाय सांगितला. असे प्रोग्रॅम कधी पुढच्या वेळी झटपट उघडावे म्हणून मुद्दाम मागे थांबतात, तर कधी अडकलेल्या छपाईमुळे किंवा बिघडलेल्या जोडकामामुळे. म्हणून आधी त्याची नवी आवृत्ती घेतली. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादीत तो संगणकाबरोबरच उठत होता. तिथे त्याला 'डिसेबल' केले. तरीही एक फाइल हटेना! ती फोल्डरच्या बाजूच्या पूर्वदर्शनाच्या चौकटीने धरली होती. ऑल्ट आणि पी दाबून तीही मिटली.

ऑगस्टात अक्काचे पेन्शन सुरू झाले. पेढे घेऊन आली, चहा झाला, "येते रे" म्हणून उठली आणि दारात पाऊण तास उभी राहून हिच्याशी बोलत होती.