दहा ग्रॅमचा प्रश्न

गेल्या दिवाळीत पहाटे अण्णांच्या पायांना उटणे लावताना तळव्यावर भला मोठा फोड दिसला. आदल्या रात्री चाळीच्या चौकात पोरांनी टाकलेल्या फुलबाजीच्या तापलेल्या तारेवर पाय पडला असावा. "मला काही कळलंच नाही रे," अण्णा हसून म्हणाले. आम्हीही कौतुकाने हसलो. भोईवाड्यात जन्म काढलेला माणूस. असल्या तारेला काय दाद देतो!

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. मलमपट्टी झाल्यावर त्यांनी पेनासारखी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा आखूड तंतू होता.

"आजोबा, डोळे मिटा. स्पर्श कळला की 'हो' म्हणा."

तंतू कातडीवर उभा टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि उचलायचा. दहा ग्रॅमचा भार पडला की तो आपोआप वाकतो. त्यामुळे तपासणाऱ्याचा हात हलका असो वा जड, दाब तेवढाच पडतो. फोड सोडून बाईंनी तो अंगठ्यावर, चवड्यावर टेकवला. अण्णा गप्प.

"करा की सुरू," थोड्या वेळाने ते म्हणाले. तोवर चार जागा तपासून झाल्या होत्या!

दीर्घ मधुमेहाने नसांची जाणीव अशी गुपचूप जाते. मग दुखत नाही म्हणून जखम दिसत नाही, ती चिघळते, आणि प्रसंगी पाय कापण्यापर्यंत पाळी येते.

या तंतूंना सेम्स आणि वाइनस्टाइन यांची नावे आहेत. मेंदूला इजा झालेल्या माणसांची स्पर्शजाणीव मोजण्यासाठी त्यांनी ते वापरले. तो अभ्यास 1960 साली प्रसिद्ध झाला. पुढे निरनिराळ्या जाडीचे तंतू कुष्ठरोग्यांच्या हातापायांची बधिरता मोजू लागले. भोईवाड्याहून जवळच, वडाळ्याला, ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे; त्याची स्थापना 1890 ची. शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करणारे ॲक्वर्थसाहेब म्हणून मी ज्यांना वर्गात शिकवतो, तेच हे पालिका आयुक्त!

मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी पायांची ही तपासणी करून घ्यावी. मिनिटा-दोन मिनिटांचे काम, आणि दुखत तर मुळीच नाही. गेलेली जाणीव सहसा परत येत नाही. पण गेल्याचे कळले, तर पाय सांभाळता येतो.

अण्णा आता घरातही चपला घालतात. रोज रात्री नातवंड त्यांचे तळवे निरखते. यंदा चौकात पाण्याची बादली ठेवायची, विझलेली प्रत्येक फुलबाजी तिच्यातच टाकायची, असे पोरांनीच ठरवले आहे.