धमनीकाठिण्य : मेद, अंतःस्तर आणि श्रमशक्ती

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रासारख्या वसाहतींची उत्पादकता यंत्रांइतकीच कामगारांच्या आरोग्यावर अवलंबून असते. भारतातील सुमारे एक चतुर्थांश मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात. त्यांतील अनेक मृत्यू कमावत्या वयात होत असल्याने कुटुंबाचे उत्पन्नच खुंटते. या विकारांचे प्रमुख कारण म्हणजे धमनीकाठिण्य होय.

धमनीच्या आतील बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. हा अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून धमनी शिथिल ठेवतो व रक्त गोठण्यास प्रतिबंध करतो. तंबाखू, उच्च रक्तदाब व मधुमेह यांमुळे त्याचे कार्य बिघडते. अशा वेळी कमी घनतेचे मेदप्रथिन, म्हणजेच एलडीएल, धमनीच्या भित्तीत अधिक प्रमाणात अडकते व त्याचे ऑक्सिडीकरण होते. ते गिळणाऱ्या भक्षकपेशी मेदाने फुगतात आणि भित्तीत मेदयुक्त थर साचतो. या थराचे आवरण फाटल्यास रक्ताची गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

ही प्रक्रिया अनेक वर्षे लक्षणांविना चालते. म्हणूनच २०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतरच्या तपासणीवर भर देण्यात आला. रक्तदाब व रक्तशर्करेची वेळीच तपासणी आणि तंबाखूमुक्ती हे उपाय शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी स्वस्त असून, श्रमशक्तीतील ती खरी गुंतवणूक ठरते.