इंग्रजी अर्जातला शब्द

वनहक्काचा दावा ग्रामसभेत मराठीतच होतो, तालुक्याचे कागदही मराठीत चालतात. पण प्रकरण उच्च न्यायालयातल्या वकिलाकडे किंवा दिल्लीला राष्ट्रीय अनुसूचित जनजाती आयोगाकडे न्यायचे झाले, की हकीकत बहुधा इंग्रजीत लिहावी लागते. हे काम पाड्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींवर येऊन पडते. स्पेलिंग चुकले तर वाचणारा समजून घेतो. कायद्याचा शब्द चुकला, तर म्हणणेच बदलते.

सर्वांत घातक शब्द 'एन्क्रोचमेंट'. कसत असलेल्या जमिनीला बोलताना 'आमचे अतिक्रमण' म्हणायची सवय आहे, तेच इंग्रजीत उतरते. म्हणजे आपल्याच सहीने आपण बेकायदा असल्याची कबुली! २००६ च्या वनहक्क कायद्यातला शब्द 'ऑक्युपेशन' म्हणजे ताबा असा आहे. 'लँड अंडर अवर ऑक्युपेशन' असे लिहावे, आणि ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा असेल तर तेही त्याच वाक्यात सांगावे. हक्क त्या तारखेवर उभा आहे.

दुसरा घोटाळा 'रिजेक्टेड' या शब्दाचा. साहेब तोंडी म्हणाले, "तुमचे काही होणार नाही," की मुले 'क्लेम रिजेक्टेड' लिहून मोकळी होतात. तोंडी नकार हा निर्णय नव्हे. कारणांसह लेखी निर्णय कळवलेला नसेल, तर दावा 'पेंडिंग' आहे आणि तसेच लिहावे. पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत दावेदाराला ताब्यातून हटवता येत नाही, असे कलम ४(५) सांगते. ते संरक्षण आपणच एका शब्दाने सोडून का द्यायचे? फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला होता. त्याच महिन्यात त्याला स्थगिती मिळाली, पण तेवढ्या दिवसांत 'रिजेक्टेड' शब्दाचे वजन सगळ्यांना कळले.

उपविभागीय समितीचा लेखी नकार हाती आला, तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जायचे. त्या अर्जाला कायद्यात 'पिटिशन' म्हटले आहे. तिथे 'वुई फाइल्ड अ केस' लिहिले, की वकील विचारतो, कोणत्या कोर्टात, नंबर काय? ग्रामसभेत पहिल्यांदा दिला तो 'क्लेम'. आणि आपण कोणा'वर' केस करतो म्हणून इंग्रजीत 'केस ऑन' होत नाही. तिथे 'अगेन्स्ट' हवे. समितीविरुद्ध कोर्टात गेल्यास समोरचा अधिकारी 'रिस्पॉन्डंट' असतो. त्याला 'अक्यूज्ड' लिहू नये, तो शब्द फौजदारी प्रकरणातल्या आरोपीचा.

मारहाणीच्या प्रकरणात 'वुई फाइल्ड एफआयआर' हे वाक्य नेहमी दिसते. आपण देतो ती 'कम्प्लेंट'. एफआयआर 'रजिस्टर' करतात पोलीस. त्यांनी नुसता अर्ज ठेवून घेतला असेल, तर 'कम्प्लेंट गिव्हन, एफआयआर नॉट रजिस्टर्ड' असे लिहा आणि पोचेवरची तारीख जोडा. नाहीतर नोंदच झाली नाही, ही खरी तक्रार वाचणाऱ्याला कळतच नाही.