लहान प्रकाशकांची पुस्तके आणि परीक्षणाचा तराजू

नव्या कवीचा संग्रह किंवा अपरिचित लेखकाची कादंबरी बहुधा लहान प्रकाशकाकडूनच निघते. कागद व छपाईची रक्कम आधी मोजावी लागते. विक्रेत्याकडील येणे मात्र प्रत खपल्यावर. भांडवल अडकते, व्याज चढते, माल पडून राहतो. व्यापारी घराण्यांना हा हिशेब समजावून सांगावयास नको.

तरीही मराठीतील कितीतरी मोलाचे साहित्य याच धारिष्ट्यातून आले. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह काढला. कवीचे पुढील मराठी संग्रह यावयास २००३ साल उजाडले. त्यांतील ‘भिजकी वही’ हीदेखील प्रासचीच. देशोदेशींच्या आणि युगायुगांच्या शोकाकुल स्त्रिया तीत भेटतात, हिपेशियासोबत कण्णगीही. ही कण्णगी ‘शिलप्पदिकारम्’ या तमिळ महाकाव्यातील व्यापारी कुळाची सून, आणि ते महाकाव्य परंपरेने जैन मुनी इळंगो अडिगळ यांच्या नावे ओळखले जाते. ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला; तो पाहण्यास कवी हयात नव्हते.

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावी असे पुस्तक चाळून घेण्याची सोय क्वचितच असते. वास्तविक हे साहित्य परके नाही. १९९९ पर्यंत हिंगोली ज्या परभणी जिल्ह्याचा भाग होती, तेथील आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ मध्ये हाच पुरस्कार मिळाला. अशी पुस्तके दूरच्या वाचकापर्यंत पोहोचवण्याचे काम परीक्षणाचे आहे.

म्हणूनच परीक्षण चोख हवे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे घेताना एक माप व देताना दुसरे, हा दोष सांगितला आहे. स्नेह्याच्या संग्रहाला भारी वजन आणि अनोळखी कवीला हलके, हाही त्याच जातीचा दोष होय. केवळ स्तुती वाचून घेतलेले पुस्तक फसवे निघाले, तर तो वाचक पुढील चांगल्या कवीकडेही पाठ फिरवतो. पुस्तकात काय आहे, भाषा कोठे जिवंत आहे, कोठे सैल पडली आहे, हे परीक्षकाने स्पष्ट लिहावे. पृष्ठसंख्या, किंमत व प्रकाशकाचा पत्ताही द्यावा.

वाचकाकडेही एक देणे उरते. वर्षाकाठी लहान प्रकाशकाची दोन पुस्तके, सवलत न मागता, रोखीने घ्यावीत. त्या रकमेतूनच तो पुढील हस्तलिखित छपाईला पाठवू शकतो.