गोळीत औषधाशिवाय काय असते?

ब्लडप्रेशरच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे वजन सहज १०० मिलिग्रॅमच्या वर भरते. उरलेली असते भरणीची पावडर, गोळी बांधणारा स्टार्च, वरचा थर आणि रंग. हे सहायक घटक बनवणे हाही मोठा धंदा आहे. रायगड जिल्ह्यातील रोह्याचे नाव लावणारी ‘रोहा डायकेम’ खाद्यपदार्थांबरोबर औषधांसाठीही रंग बनवते.

गैरसमज : या घटकांनी रोग बरा होत नाही, म्हणजे त्रासही होत नाही.
वस्तुस्थिती : बहुतेकांना होत नाही, काहींना होतो. टार्ट्राझिन या पिवळ्या रंगाने एखाद्याच्या अंगावर पित्त उठते. पाण्यात विरघळणाऱ्या ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचे सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत हवे. मीठ तोडलेल्या रुग्णाने अशा चार गोळ्या घेतल्या, तर पथ्य गोळीतूनच मोडते.

गैरसमज : पट्टीवर सगळे छापलेले असते.
वस्तुस्थिती : मुख्य औषध, त्याची मात्रा आणि औषध नियमावलीतील नियम १२७ प्रमाणे रंगाचे नाव असते. बाकीच्यांची बोळवण बऱ्याचदा ‘एक्सिपियंट्स क्यू.एस.’, म्हणजे ‘लागतील तेवढे’, एवढ्यावर होते. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडांना क्यूआर कोड सक्तीचा झाला. पण त्यासाठी ठरवलेल्या माहितीत बॅच, मुदत, परवाना क्रमांक होते, सहायक घटक नव्हते.

गैरसमज : सॉल्ट (मुख्य औषध) तेच, तर कंपनी कुठलीही असो, गोळी तीच.
वस्तुस्थिती : गुण तोच येतो, पण भरणी आणि रंग बदलू शकतात. एका गोळीत लॅक्टोज असेल, दुसरीत नसेल. कॅप्सूलचे कवच प्राणिजन्य जिलेटिनचे असेल किंवा वनस्पतिजन्य एचपीएमसीचे. म्हणून चौकशी सॉल्टची नव्हे, हातातल्या ब्रँडची करावी. मेडिकलवाल्याने चार गोळ्या कापून दिल्या, तरी पूर्ण पट्टीचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावा. खोक्यातले माहितीपत्रक मागावे. त्यात सहायक घटकांची यादी मिळण्याची शक्यता असते. नसेल तर कंपनीला बॅच नंबरासह विचारावे. ॲलर्जी असेल तर ती डॉक्टरांना चिठ्ठी लिहिण्याआधीच सांगावी. मनाने गोळी मात्र बंद करू नये.

गैरसमज : धोका असतो तो मुख्य औषधात.
वस्तुस्थिती : २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुले दगावली, त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. सिरपमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. हे विष औषधाच्या सूत्रात कुठेच नव्हते; धोका मुख्य औषधाबाहेरचा होता.

गैरसमज : रायगडकरांना तक्रारीसाठी मुंबई गाठावी लागते.
वस्तुस्थिती : अन्न व औषध प्रशासनाचे रायगड कार्यालय पेणलाच आहे. दर्जाबद्दल शंका असेल तर राज्याची हेल्पलाइन १८००-२२२-३६५, औषधाने त्रास झाला तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. दोन्हीकडे बॅच नंबर उपयोगी पडतो, म्हणून औषध संपेपर्यंत पट्टी फेकू नये.